कोंबडखत, लेंडीखत आणि शेणखत : भाजीपाल्याच्या जमिनीतील किडींवर कोणते, केव्हा आणि किती

दुपारच्या उन्हात मान टाकणारे आणि संध्याकाळी पुन्हा सावरणारे टोमॅटोचे झाड दिसले की बहुतेक शेतकरी प्रथम ड्रिपचे पाणी वाढवतात आणि त्याने फरक पडला नाही तर एखाद्या बुरशीनाशकाची आळवणी करतात, म्हणजे औषधाचे पाणी मुळाशी ओततात. नाशिक जिल्ह्यातील गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यात वर्षानुवर्षे टोमॅटो, कारले, काकडी आणि ढोबळी मिरची आलटून पालटून घेतलेल्या रानांत अशी झाडे आता सर्रास दिसतात. त्यातले एक झाड उपटण्याऐवजी कुदळीने मातीसकट हलकेच काढावे आणि मुळे बादलीत धुऊन पाहावीत. मुळांवर मण्यांसारख्या किंवा आल्याच्या कुड्यांसारख्या गाठी असतील, तर दोष पाण्याचा नसून मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचा, म्हणजे मातीतील धाग्यासारख्या सूक्ष्म कृमीचा आहे. वाल, घेवडा यांसारख्या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर नत्राच्या उपयुक्त गाठीही असतात. त्या नखाने सहज सुटतात आणि फोडल्यास आतून गुलाबी निघतात, तर सूत्रकृमीची गाठ ही मुळाचेच फुगलेले अंग असल्याने ती सोडवू गेल्यास मूळ तुटते.

जमिनीतील अशा शत्रूंवर जनावरांचे खत वापरता येते, हे अनेकांनी ऐकलेले असते. परंतु ‘भरपूर शेणखत टाका’ एवढाच सल्ला दिला जातो आणि तो अपुरा आहे. खत एकच असले तरी ताजे, अर्धवट कुजलेले आणि पूर्ण कुजलेले अशा त्याच्या तीन अवस्था जमिनीतील किडींच्या दृष्टीने तीन वेगळ्या वस्तू आहेत. ताजे, नत्राने भरलेले खत रिकाम्या रानात सूत्रकृमी मारू शकते. पूर्ण कुजलेले खत उपयोगी बुरशींना आधार देऊन रोपांची मर रोखू शकते. आणि अर्धवट कुजलेले खत मात्र हुमणी (पिकांची मुळे खाणारी भुंग्याची अळी) व वाळवी यांना आमंत्रण ठरते. आपल्याकडे सर्वांत जास्त टाकले जाते ते नेमके हे तिसऱ्या प्रकारचे खत, कारण मृगाच्या तोंडावर उकिरडा उपसून ट्रॉल्या भरायच्या आणि जे निघेल ते रानात पसरायचे, अशीच पद्धत पडली आहे.

सूत्रकृमीसाठी : ताजे खत, रिकामे रान आणि एप्रिल-मेचे ऊन

सूत्रकृमीची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. ती मुळाच्या टोकातून आत शिरतात, एका जागी स्थिरावतात आणि प्रत्येक मादी चिकट पुंजक्यात काही शे अंडी घालते. उबदार जमिनीत हे चक्र साधारण 25 ते 30 दिवसांत पूर्ण होत असल्याने टोमॅटोच्या एका हंगामात तिच्या अनेक पिढ्या होतात. म्हणूनच उभ्या पिकात उपाय शोधण्याला मर्यादा आहेत आणि खरी संधी दोन पिकांच्या मधल्या काळात मिळते.

कोंबडीच्या विष्ठेतील नत्र बहुतांशी यूरिक आम्लाच्या स्वरूपात असते. ओलावा मिळताच जिवाणू त्याचे युरियात आणि पुढे अमोनियात रूपांतर करतात, आणि हा अमोनिया पुरेशा प्रमाणात मातीत कोंडून राहिला तर तो सूत्रकृमीची पिल्ले मारतो व अंड्यांनाही मोठी इजा करतो. मातीत अमोनिया दोन रूपांत असतो : एक विषारी वायू आणि दुसरे निरुपद्रवी अमोनियम. मातीचा सामू (पीएच) जितका जास्त, तितका वायूचा वाटा जास्त. नाशिक जिल्ह्यातील काळ्या जमिनींचा सामू बहुधा 7.5 ते 8.5 असल्याने ही क्रिया येथे अनुकूल ठरते. मात्र काळ्या मातीतील चिकणकण अमोनियम धरूनही ठेवतात, त्यामुळे भारी रानात तीच मात्रा काहीशी सौम्य लागू पडते. सिन्नरकडच्या हलक्या, मुरमाड रानात ती अधिक तीव्रतेने काम करते आणि पिकाला भाजण्याचा धोकाही तिथेच जास्त असतो.

या क्रियेला सूर्यतापाची जोड दिली की परिणाम कितीतरी वाढतो. स्पेनच्या मुर्सिया भागात ढोबळी मिरचीच्या हरितगृहांतून मिथाइल ब्रोमाइड हे धुरीचे रसायन हद्दपार होत असताना मेंढीचे व कोंबडीचे ताजे खत मातीत मिसळून त्यावर प्लॅस्टिक पसरण्याची पद्धत याच कारणाने रुजली. आपल्याकडे त्यासाठी लागणारे ऊन तर फुकट मिळते.

काम एप्रिलच्या मध्यास सुरू करावे. आधीच्या पिकाची झाडे मुळांसकट काढून बांधाबाहेर न्यावीत व वाळल्यावर जाळावीत. गाठी असलेली मुळे रोटाव्हेटरने रानातच बारीक करणे म्हणजे अंडी सगळीकडे पेरणे होय, आणि अशी मुळे उकिरड्यावरही टाकू नयेत. त्यानंतर 20 ते 25 सेंटिमीटर खोलीपर्यंत माती भुसभुशीत करून ढेकळे फोडून घ्यावीत, कारण ढेकळाच्या आत ना उष्णता नीट पोहोचते ना वायू. नेहमी सूत्रकृमीचा त्रास असलेल्या रानात मी एकरी 3 टन, म्हणजे गुंठ्याला सुमारे 75 किलो कोंबडखत धरतो. हलक्या जमिनीत ते 2 टनांवर आणावे. खत कोरडे पण ताजे असावे. वर्षभर उघड्यावर पडून पावसात भिजलेल्या ढिगातील अमोनिया केव्हाच उडून गेलेला असतो आणि या कामासाठी अशा खताला काही किंमत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या पिंजऱ्याखालचे खत तुसाच्या गादीसह निघणाऱ्या ब्रॉयलरच्या खतापेक्षा नत्राने अधिक सकस असते, त्यामुळे खरेदी करताना ते कोणत्या शेडमधले आहे, हे अवश्य विचारावे.

पसरलेले खत त्याच दिवशी, शक्यतो दोन-तीन तासांत, मातीत मिसळले पाहिजे. खत सकाळी पसरून रोटाव्हेटर दुसऱ्या दिवशी मिळाला, तर पैसा खर्च होतो आणि औषध हवेत जाते. मिसळताना नाकातोंडाला रुमाल बांधणे व वाऱ्याच्या उलट बाजूने चालणे आवश्यक आहे. नंतर ठिबकच्या नळ्या (लॅटरल) अंथरून माती 30 सेंटिमीटर खोलीपर्यंत पूर्ण भिजेल इतके पाणी द्यावे. ओली माती उष्णता खोलवर नेते आणि प्राणवायू कमी झाल्यामुळे कुजण्याच्या क्रियेत तयार होणारी आम्लेही सूत्रकृमीला मारक ठरतात. लगोलग 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून अंथरावा आणि त्याच्या कडा 15 ते 20 सेंटिमीटर खोल चरात गाडून माती दाबावी. येथे एक गोंधळ नेहमी होतो. टोमॅटोच्या बेडवर वापरतो तो चंदेरी-काळा मल्चिंग पेपर या कामाचा नाही, कारण तो ऊन परतवतो. आपल्याला ऊन आत घ्यायचे आहे. कागद फाटला तर त्याच दिवशी चिकटपट्टीने बुजवावा. कुत्री, मोर आणि वावटळ हे तिघेही त्यावर टपलेलेच असतात.

कागद चार ते सहा आठवडे ठेवावा. कडक उन्हात वरच्या 5 ते 10 सेंटिमीटर थराचे तापमान 45 ते 50 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. खाली ते कमी होत जाते आणि तेथे उष्णतेपेक्षा अमोनियाच अधिक काम करतो. शेडनेटमध्ये जाळीच्या सावलीमुळे माती इतकी तापत नाही, म्हणून तेथे कालावधी सहा आठवड्यांहून कमी करू नये. पॉलिहाऊस पूर्ण बंद ठेवता येत असल्यास मात्र तेथे ही पद्धत फारच चांगली लागू पडते.

कागद काढल्यावर लगेच लागवड करण्याचा मोह टाळावा. एका वर्षी पाऊस लवकर येणार या घाईत मी कोंबडखत मिसळलेल्या रानात दहाव्या दिवशीच कारल्याची रोपे लावली. आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या आणि निम्म्याहून अधिक रोपे पुन्हा लावावी लागली. जमीन किमान दोन, शक्यतो तीन आठवडे मोकळी राहू द्यावी, तिला एकदा हलके पाणी द्यावे आणि वरवरची फणपाळी मारावी. त्यानंतर चार-पाच ठिकाणची माती कुंडीत घेऊन तिच्यात मेथीचे दाणे टाकावेत. ते नेहमीसारखे उगवून मुळे पांढरी व सरळ वाढली तर रान लागवडीस तयार आहे. मुळांची टोके तपकिरी दिसली तर अजून थांबावे. याच टप्प्यावर खोल नांगरट मात्र कटाक्षाने टाळावी, कारण 30 सेंटिमीटरच्या खाली जिवंत राहिलेले सूत्रकृमी त्यामुळे वर येतात आणि सहा आठवड्यांची मेहनत एका दिवसात वाया जाते.

या खताचा हिशेब रासायनिक खतांत धरला नाही तर दुहेरी नुकसान होते. कोंबडखतात 2 ते 3 टक्के नत्र धरले तर 3 टनांतून एकरी 60 ते 90 किलो नत्र जमिनीत जाते आणि त्याचा सुमारे निम्मा भाग पहिल्याच हंगामात पिकाला मिळतो. संकरित टोमॅटोची शिफारस हेक्टरी 300 किलो नत्र, 150 किलो स्फुरद आणि 150 किलो पालाश, म्हणजे एकरी अनुक्रमे 120, 60 आणि 60 किलो अशी आहे. तेव्हा बेसल डोसातील, म्हणजे लागवडीच्या वेळी द्यायच्या खतातील नत्र बरेच कमी करावे, आणि स्फुरद तर माती परीक्षणात चांगले निघत असल्यास जवळजवळ वगळले तरी चालते. हिशेब न करता दोन्ही टाकले की झाड माजते, फुले गळतात आणि मावा व पांढरी माशी यांना कोवळी पालवी मिळते. कालव्याच्या पाण्याखालच्या चोपण व खारवट जमिनींत कोंबडखतातील क्षार ही आणखी एक अडचण आहे. तेथे आधी क्षारता तपासून घ्यावी आणि ती जास्त आढळल्यास ही पद्धत वापरू नये.

संपूर्ण एकराला कागद अंथरणे प्रत्येकाला परवडणारे नाही. अशा वेळी फक्त बेडची जागा, किंवा त्याहून कमी म्हणजे फक्त रोपवाटिकेची जागा घ्यावी. एक एकर कांद्याला सुमारे दोन गुंठे रोपवाटिका पुरते. म्हणजे दीडशे किलो खत आणि थोडासा कागद एवढ्यावर काम भागते. रोपांबरोबर सूत्रकृमी नव्या रानात नेणे थांबले तरी पुष्कळ साधते. रांगड्या (खरीप व रब्बी यांच्या मधल्या हंगामातील) कांद्याचे रोप ज्या वाफ्यांवर टाकायचे ते मे महिन्यातच असे तापवून ठेवावेत.

मेंढ्या बसवण्याबद्दल

उन्हाळ्यात धनगरांचे वाडे गावोगाव फिरत येतात आणि शेतकरी रोख पैसे किंवा धान्य देऊन आपल्या रानात मेंढ्या बसवतात. ही रीत जुनी आहे आणि चांगली आहे. लेंडी व मूत्र दोन्ही जागेवर पडतात आणि अमोनिया तयार होतो तो प्रामुख्याने मूत्रातील युरियापासून, जो ट्रॉलीतून आणलेल्या लेंडीखतात जवळजवळ उरतच नाही. परंतु कळप उठून गेल्यावर रान आठ-दहा दिवस तसेच तापत ठेवले जाते आणि त्यात मूत्राचा सारा जोर उडून जातो. कळप ज्या दिवशी हलेल त्याच दिवशी वखरणी करून पाणी द्यावे. सूत्रकृमीवर याचा परिणाम कोंबडखत व कागद यांच्या तुलनेत सौम्यच राहतो. कमी प्रादुर्भाव असलेल्या रानात तो पुरेसा आहे, गाठींनी भरलेल्या रानात नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे मेंढ्यांनी बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या असतात, त्यामुळे पावसाळ्यात रानभर बाभळी उगवल्या तर आश्चर्य मानू नये.

मर आणि मूळकुज : येथे खत पूर्ण कुजलेलेच हवे

रोप कोलमडणे, मर आणि मूळकुज यांमागे पिथियम, फ्युजॅरियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी असतात. त्यांच्याविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या ट्रायकोडर्मा बुरशीला आणि सूत्रकृमीची अंडी खाणाऱ्या पॅसिलोमायसिस लिलॅसिनस (हिचे नवे नाव पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम) या बुरशीला जगायला सेंद्रिय पदार्थ लागतो. नुसती पावडर ड्रिपमधून सोडली की ती उपाशी मातीत तग धरत नाही, ही तक्रार ऐकू येते ती बहुतेक ठिकाणी खरी असते. कुजलेल्या शेणखतात आधी वाढवून मग रानात दिल्यास ती टिकते.

त्यासाठी सावलीत 1 टन पूर्ण कुजलेले शेणखत घ्यावे, त्यात ट्रायकोडर्मा 2 किलो व पॅसिलोमायसिस 2 किलो थराथराने मिसळावे आणि 25 ते 30 टक्के ओलावा राहील इतपत पाणी शिंपडावे. मूठ दाबल्यावर खताचा गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये, हा त्याचा अंदाज. ढीग गोणपाटाने किंवा पाचटाने झाकून 15 दिवस ठेवावा आणि आठवड्यातून एकदा वरखाली करावा. लागवडीच्या वेळी हे खत बेडवर पसरून हलके मातीत मिसळावे. त्यासोबत एकरी 100 किलो निंबोळी पेंड दिल्यास सूत्रकृमीवरचा दाब टिकून राहतो. ताज्या, तापलेल्या ढिगात ही पावडर मिसळणे निरर्थक आहे, कारण तिथल्या उष्णतेत या बुरशी तग धरत नाहीत. त्याचप्रमाणे त्या वाफ्यात पुढे काही आठवडे बुरशीनाशकाची आळवणी करू नये. अनेक जण दोन्ही एकदम करतात आणि मग जैविक औषधे खोटी असतात असे म्हणतात.

कागदाखालून बाहेर आलेल्या रानाला तर हे खत देणे अगत्याचेच आहे. तापलेल्या जमिनीत वाईटाबरोबर बरेच चांगलेही मेलेले असते आणि त्या मोकळ्या जागेत जो प्रथम पोहोचेल तो पसरतो.

हुमणी, वाळवी आणि उकिरडा

वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात आणि नंतर मातीत अंडी घालतात. अर्धवट कुजलेले खत पडलेली ओलसर जमीन अळ्यांच्या सुरुवातीच्या वाढीला फार सोयीची असते. वाळवीही न कुजलेल्या काडीकचऱ्यावरच येते. म्हणून या दोहोंवर खत हा उपाय नसून खत कुजवणे हा उपाय आहे.

शेण, गोठ्यातील गव्हाणीत उरलेला चारा, मूत्राने भिजलेला पालापाचोळा यांचा ढीग कंबरेइतका उंच रचावा आणि ओलसर ठेवावा. नीट रचलेला ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो आणि त्यात किडींची अंडी, तणांचे बी व माणसाला बाधणारे जंतू बहुतांशी नष्ट होतात. पण कडेचा भाग थंडच राहतो, म्हणून कडा आत आणि आतले बाहेर असे तीन-चार वेळा उलथणे आवश्यक असते. लोखंडी सळई ढिगात दहा मिनिटे खुपसून ठेवावी. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर ढीग चालू आहे. उलथूनही तो तापेनासा झाला, रंग काळपट झाला, मातीसारखा वास येऊ लागला आणि मूळ गवत ओळखू येईनासे झाले की खत तयार झाले. शंका असल्यास मूठभर ओले खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावे. पिशवी उघडताच डोळ्यांत झोंबणारा वास आला तर आणखी महिनाभर थांबावे. शेणखत तयार व्हायला चार-पाच महिने सहज लागतात, तेव्हा मृगाला लागणारा ढीग संक्रांतीच्या सुमारासच रचलेला हवा.

मे अखेरीपासून ढिगावर जाळी किंवा जुना कागद टाकून ठेवावा, म्हणजे भुंगे त्यात शिरणार नाहीत. खत उपसताना पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या अळ्या निघाल्या तर प्रत्येक अळी हुमणीची नसते. अळी सपाट फरशीवर ठेवावी. ती उलटी होऊन पाठीवर सरपटू लागली तर ती कुजका पाला खाणाऱ्या दुसऱ्या भुंग्याची आहे आणि पिकाच्या मुळांना तिच्यापासून धोका नाही. बाकीच्या वेचून कोंबड्यांपुढे टाकाव्यात. हुमणीचा नेहमीचा त्रास असलेल्या रानात द्यावयाच्या खतात ट्रायकोडर्माप्रमाणेच मेटाऱ्हायझियम अॅनिसोप्ली ही बुरशी वाढवून घ्यावी. तिच्यामुळे अळीवर हिरवट बुरशी येऊन ती मरते. मात्र हा परिणाम दिसण्यास वेळ लागतो आणि जमिनीत ओल असावी लागते.

ताज्या खताचा काळ आणि पाला खाण्याचा काळ

कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, गाजर, काकडी या गोष्टी आपण कच्च्या खातो आणि ताज्या शेणात किंवा कोंबडखतात पोटाचे विकार करणारे जंतू असतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत न कुजवलेले खत टाकल्यापासून काढणीपर्यंत, मातीला स्पर्श करणाऱ्या भाजीसाठी 120 दिवस आणि इतर भाज्यांसाठी 90 दिवसांचे अंतर सांगितले आहे. ते आपल्याला सहज पाळता येते. एप्रिलच्या मध्यास झाकलेले रान मे अखेरीस उघडले, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात टोमॅटो लावला आणि पहिला तोडा ऑगस्टच्या अखेरीस आला, तर चार महिने होऊन जातात. पण त्याच रानात मध्ये महिनाभराची मेथी किंवा कोथिंबीर काढण्याचा हिशेब असेल तर ताजे खत त्या रानाला देऊ नये. खताचे ढीग विहिरीपासून व ओढ्यापासून लांब आणि चढाच्या बाजूला नसलेल्या जागी रचावेत, अन्यथा पावसाळ्यात त्यातील नायट्रेट पिण्याच्या पाण्यात उतरते. कोंबडखताचा ढीग उघडा ठेवल्यास माश्यांमुळे शेजाऱ्यांशी भांडणही ओढवते.

किती खत आपल्या रानाला पुरेल, हे ठरवण्यासाठी लागवडीपूर्वी दोन कुंड्या भराव्यात : एकीत उपचार केलेल्या बेडची माती, दुसरीत न केलेल्या बेडची. दोन्हींत काकडीचे चार-चार दाणे टाकून चार ते पाच आठवड्यांनी मुळे धुऊन गाठी मोजाव्यात. प्रयोगशाळेत तपासणी करायची असल्यास मुळांच्या भोवतालची ओली माती व थोडी मुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ऊन न लागू देता, मुक्त विद्यापीठाच्या नाशिक येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा पिंपळगाव बसवंतच्या कांदा व द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन विचारणा करावी. वाळलेल्या मातीचा नमुना सूत्रकृमीच्या तपासणीसाठी निरुपयोगी असतो. रानात एक बेड मुद्दाम उपचाराशिवाय सोडावा, शेवटच्या तोड्यानंतर दोन्ही बेडची दहा-दहा झाडे कुदळीने काढून गाठींची तुलना करावी आणि आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये 3 टन आणायचे की दीड टनावर भागेल, हे कोंबडखताची गाडी सांगण्यापूर्वीच ठरवता येईल.